बोटं मोकळी, मनगट उबेत : वेणीच्या बाह्या

मैत्रिणींनो, थंडीचं विणकाम म्हटलं की आपल्यापुढे कामांची यादीच उभी राहते. ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर, मुलांच्या टोप्या, नणंदेच्या बाळाचे मोजे. मीही लग्न झाल्यापासून हेच विणत आले. यंदा मात्र एक अगदी छोटी वस्तू विणली. लोकर थोडी, सुया दोनच, आणि वेळ म्हणाल तर दुपारच्या चार-सहा बैठका. पण घरात इतकी उपयोगी पडलेली दुसरी वस्तू मी आजवर विणली नव्हती.

आमच्या सेलूला थंडी ती काय असणार, असं बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं. मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन ज्यांनी एकदा सोसलं, त्यांना तसं वाटणारच. पण २९ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमच्याकडे त्या आठवड्यात पहाटे टाकीचं पाणी हातावर घेतलं की बोटं आहेत की नाहीत, ते कळत नव्हतं.

थंडी पडली म्हणून बायकांची कामं काही थांबत नाहीत. सडा आहे, भांडी आहेत, कणीक आहे, डबे आहेत. शेतावर जाणाऱ्या बायका सकाळच्या दवात कापूस वेचतात. ज्या आठवड्यात शेतीच्या पंपाची वीज रात्रपाळीची असते, तेव्हा आमचे भाऊजी गव्हा-हरभऱ्याला ओलीत करायला रात्री दोन वाजता निघतात. या सगळ्या कामांना बोटं मोकळी लागतात. हातमोजे घालून कापूस वेचता येत नाही, भाजी चिरता येत नाही, आणि माझं म्हणाल तर खडूही धरता येत नाही.

म्हणून या बाह्या. बाजारात त्यांना 'आर्म वॉर्मर' म्हणतात. कोपराच्या थोडं खालपासून बोटांच्या मुळापर्यंत येणाऱ्या, अंगठ्याला भोक ठेवलेल्या लोकरीच्या नुसत्या बाह्या. वैद्य जिथे नाडी बघतात, तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी जवळून जाते. तेवढा भाग झाकला, की उघड्या बोटांनाही बरं वाटतं. पाण्यात हात घालायचा झाला, की बाही वर सरकवायची. काम झालं की खाली.

पण या बाह्या मी कुणासाठी विणल्या, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

दसरा झाल्यावरची गोष्ट. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्या दिवशी सकाळी मी मागचा ओटा साबणाच्या पाण्याने घासला. शाळेची वेळ झाली होती. 'साडी नेसून येते, मग पाणी मारते', असं म्हणून बादली तशीच ठेवली आणि आत गेले. तेवढ्यात आत्याबाई तुळशीला पाणी घालायला मागे गेल्या. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.) पडताना त्यांनी उजवा हात टेकला, आणि मनगटाचं हाड मोडलं.

वर्ध्याला नेलं. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडल्या?"

"पाय सरकला," आत्याबाई एवढंच म्हणाल्या.

साबणाचं नाव नाही, माझं नाव नाही. घरी आल्यावर नाही, नंतरच्या सहा आठवड्यांत नाही. मैत्रिणींनो, रागावणारी सासू सोसता येते. न रागावणारी सोसवत नाही. त्यांची वेणी घालताना, त्यांना घास भरवताना, रोज माझ्या ओठांवर यायचं की आत्याबाई, चूक माझी झाली. आणि रोज मी दुसरंच काहीतरी बोलायची.

प्लास्टर निघालं तेव्हा डिसेंबर लागला होता. हात वाळला होता, मनगट आखडलं होतं, बोटांवर सूज होती. पहाटेच्या गारठ्यात तो असा ठणकायचा की त्या उठून बसायच्या. शाल पांघरली तर हातावरून घसरायची. स्वेटरची बाही सुजलेल्या मनगटावरून वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात हात हलवा, मूठ उघडझाप करा, हात उबेत ठेवा. दाबायला एक मऊ चेंडूही दिला होता.

"मी का लहान पोट्टी आहो, चेंडू खेळाले?" असं म्हणून आत्याबाईंनी तो चेंडू नातवाला देऊन टाकला.

त्या दुपारी मी माझा एक जुना मरून रंगाचा स्वेटर उसवला. लोकरीची लडी केली, कोमट पाण्यातून काढून दांडीवर टांगली आणि खालच्या बाजूला हलकंसं वजन बांधलं, म्हणजे लोकरीची वळणं निघून जातात. वाळल्यावर गुंडा करायला बसले, तर लडी धरायला कुणी नाही. खुर्चीच्या पाठीला अडकवू लागले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आण इकडे."

त्यांच्या लहानपणी शाळेत मूलोद्योग म्हणून टकळीवर सूत काततं केलेलं. नवीन पिढीला हे सांगावं लागतं. १९३७ च्या ऑक्टोबरात आमच्याच वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली, आणि तिथून ती टकळी पुढे कितीतरी शाळांत गेली. आत्याबाईंनी लोकरीचा धागा बोटांत फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "पीळ कमी आहे याले."

गुंडा व्हायला तासभर लागला. दुखऱ्या हाताची बोटं न सांगता उघडत-मिटत होती. चेंडूने जे झालं नाही, ते गुंड्याने झालं. मग मला एक युक्ती सुचली. रात्री सगळे निजल्यावर मी त्या गुंड्याची परत लडी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी, "आत्याबाई, आणखी एक लडी आहे हो." दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी धाग्यातली एक गाठ माझ्यापुढे धरली. "ही गाठ कालची आहे. काहून बनवून राह्यली मले?"

मी काही बोलले नाही. त्याही थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुया दाखव तुह्या."

अशी सुरुवात झाली. आता विणीकडे वळू.

वेणी म्हणजे काय?

काही सुलट टाके तिसऱ्या छोट्या सुईवर काढून ठेवायचे, पुढचे टाके आधी विणायचे, आणि मग ठेवलेले विणायचे. झालं. टाक्यांनी जागा बदलली, की विणीत पीळ पडतो. ठरावीक ओळींनी हेच केलं, की केसांच्या वेणीसारखी वीण उठून दिसते. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवतात, ते वेणीला उठाव यावा म्हणून. पीळ पडतो तिथे लोकर दुहेरी होते, म्हणून ती जागा जाड आणि उबदार लागते. मात्र त्यामुळे वीण आत ओढली जाते. साध्या विणीपेक्षा वेणीला टाके थोडे जास्त घ्यावे लागतात, आणि लोकरही जास्त लागते.

वेणीची वीण जगभर प्रसिद्ध झाली ती आयर्लंडजवळच्या अरान बेटांवरच्या स्वेटरांमुळे. एक गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, की तिथल्या प्रत्येक कोळ्याच्या घराण्याची वेणी वेगळी असे, आणि समुद्रात बुडालेला माणूस त्याच्या स्वेटरवरून ओळखत. गोष्ट मन हेलावणारी आहे, पण खरी नाही. ते स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. या गोष्टीचं मूळ सिंज नावाच्या लेखकाच्या १९०४ च्या एका नाटकात सापडतं. त्यात बहीण आपल्या बुडालेल्या भावाचा पायमोजा ओळखते, तो घराण्याच्या नक्षीवरून नव्हे, तर विणताना तिच्याच हातून सुटलेल्या टाक्यांवरून! ही ओळख मला जास्त पटते. आपल्या हातची चूक आपण कुठेही ओळखतो.

आपल्याकडे विणकामाला वेगळाच मान मिळाला तो १९६२ मध्ये. चीनच्या युद्धात हिमालयातल्या जवानांसाठी देशभरातल्या बायकांनी स्वेटर आणि मोजे विणून पाठवले. हल्ली थंडीत गावोगाव तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. त्यांची एक वसाहत तर आपल्या विदर्भातच आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून. तयार स्वेटर चांगले मिळतात, यात शंका नाही. पण एक मनगट सुजलेलं आणि दुसरं सडपातळ, अशा हातांची जोडी काही दुकानात मिळत नाही. ती घरीच विणावी लागते.

साहित्य

चार पदरी लोकर ७५ ग्रॅम (थोडी उरेल). १० नंबरच्या दोन सुया, ९ नंबरच्या दोन सुया. वेणीसाठी दोन्ही टोकं मोकळी असलेली एक छोटी सुई. शिवायला जाड नाक्याची बोथट सुई. वेणीची सुई नसेल तर केसांचा मोठा आकडा चालतो. मी पहिली जोडी आकड्यावरच केली.

माप

मध्यम हातासाठी, लांबी सुमारे पावणेनऊ इंच. ९ नंबरच्या सुईवर साध्या विणीत एका इंचात ६ टाके आणि ८ ओळी यायला हव्यात. आधी चार इंचांचा नमुना विणून पट्टीने मोजा. टाके ६ पेक्षा जास्त भरले तर हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई घ्या. कमी भरले तर बारीक घ्या.

डावी बाही

१० नंबरच्या सुईवर ५० टाके सैलसर घालावेत. १ सुलट १ उलट अशी १४ ओळी बॉर्डर विणावी. नंतर ९ नंबरची सुई घ्यावी.

१ ली ओळ (सुलट बाजू): ८ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, ३२ सुलट.

२ री ओळ: ३२ उलट, २ सुलट, ६ उलट, २ सुलट, ८ उलट.

३ री व ४ थी ओळ: १ ली व २ री प्रमाणे.

५ वी ओळ (पिळाची): ८ सुलट, २ उलट, पुढचे ३ टाके छोट्या सुईवर काढून विणीच्या पुढच्या बाजूला ठेवावेत, त्यापुढचे ३ टाके सुलट विणावेत, मग छोट्या सुईवरचे ३ सुलट, २ उलट, ३२ सुलट.

६ वी ते ८ वी ओळ: पीळ न घालता, दिसेल तशी (सुलटवर सुलट, उलटवर उलट).

या ८ ओळींची एक आवृत्ती. अशा एकूण ६ आवृत्त्या, म्हणजे ४८ ओळी करायच्या आहेत. हात मनगटाकडे निमुळता होतो, म्हणून ९ व्या, १७ व्या आणि २५ व्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करावा : सुरुवातीला १ सुलट, २ टाके एकत्र सुलट, शेवटचे ३ टाके उरले की २ एकत्र सुलट, १ सुलट. बाहेरचे ८ टाके ५ होतील, तळहाताकडचे ३२ टाके २९ होतील, आणि सुईवर ४४ टाके राहतील.

४८ ओळी झाल्यावर पुन्हा १० नंबरची सुई घेऊन ८ ओळी १ सुलट १ उलट विणावे व टाके सैल हाताने बंद करावेत. घट्ट बंद केले तर बोटांच्या मुळाशी काचतील.

उजवी बाही

इथे सावध! वेणी मनगटाच्या वरच्या बाजूला यायला हवी आणि शिवण अंगठ्याकडे. म्हणून उजवीला मांडणी उलटी होते. १ ली ओळ : ३२ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, ८ सुलट. २ री ओळ : ८ उलट, २ सुलट, ६ उलट, २ सुलट, ३२ उलट. पिळाच्या ओळीत छोटी सुई विणीच्या मागे ठेवावी, म्हणजे दोन्ही हातांच्या वेण्या समोरासमोर वळतील. बाकी सर्व डावीप्रमाणे.

एवढं बजावून सांगते आहे, कारण मी नेमकं हेच विसरले. पहिली जोडी मोठ्या कौतुकाने आत्याबाईंपुढे ठेवली. त्यांनी दोन्ही हातांत घालून पाहिल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही डाव्याच? अन् मोडला तो उजवा!" महिन्या-दोन महिन्यांत त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या. ती जादा डावी उसवली, आणखी काय करणार!

शिवण

बाही उभी दुमडून कडा जुळवाव्यात. बोटांच्या टोकाकडून दीड इंच शिवावे, दोन इंच अंगठ्यासाठी मोकळे सोडावेत, खालचे सर्व शिवून टाकावे. मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जास्तीचे टाके घालावेत, नाहीतर तिथेच उसवते.

ध्यानात ठेवा

माप दोन्ही हातांचं घ्यावं. आत्याबाईंचं उजवं मनगट जवळजवळ अर्धा इंच जाड भरलं. त्या बाहीला मी ५४ टाके घातले आणि जास्तीचे ४ तळहाताच्या बाजूला धरले, म्हणजे ३२ ऐवजी ३६. वेणीला हात लावायचा नाही.

सुजलेल्या किंवा दुखऱ्या हाताला घट्ट बाही कधीही घालू नये. बोटांना मुंग्या आल्या, बोटं निळसर किंवा पांढरी पडली, तर बाही लगेच काढावी आणि डॉक्टरांना दाखवावं. झोपताना काढून ठेवलेली बरी.

पीळ कितव्या ओळीला घातला ते लक्षात राहत नाही. कागदावर ओळीगणिक रेघ मारत जावी. एखादा पीळ चुकलाच, तर सगळं उसवू नये. फक्त वेणीचे ६ टाके त्या ओळीपर्यंत सोडून खाली न्यावेत आणि पुन्हा विणत वर आणावेत.

खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून शेतात दवात जाणाऱ्यांना ती चांगली. घरच्या वापराला अॅक्रिलिकची लोकर स्वस्त पडते आणि धुवायलाही सोपी. मात्र अॅक्रिलिक आगीला फार वाईट. जळताना ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलीपाशी, गॅसपाशी, दिवा लावताना बाह्या काढून ठेवायच्या, हा घरातला नियमच करून टाका.

धुताना रिठ्याचं कोमट पाणी घ्यावं. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावं आणि सावलीत आडवं पसरून वाळवावं. दोरीवर टांगलं की बाही लांबते आणि वेणी सैल पडते. उन्हाळा लागला की पुरत्या वाळवून कडुलिंबाच्या सुकल्या पाल्यात ठेवाव्यात.

आज जानेवारी संपत आला आहे. आमच्या घरात आता चार जोड्या झाल्या. एक आत्याबाईंची. एक भाऊजींची, ओलिताला जायला. एक मुलाची, त्याने पहिल्याच दिवशी शाईने माखली. चौथी शेजारच्या काकूंनी मागून नेली. माझी नव्हती. ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आपल्या कधी येतं?

आत्याबाई मात्र महिनाभर दुपारी सुया घेऊन बसायच्या. आधी नुसती सुलट पट्टी, तीही कडेला वेडीवाकडी. उजव्या हाताला सुई पेलायची नाही, म्हणून ती काखेत दाबून धरायच्या. मग उलट टाका शिकल्या. मग मला विचारून वेणी. मला वाटलं, नातवासाठी काहीतरी चाललं आहे.

परवा मी शाळेतून आले, तर त्यांनी एक बाही माझ्यापुढे केली. डावी. मी हातात घालून पाहिली. मधला एक पीळ उलट्या बाजूला पडला होता.

"एक पीळ चुकला जणू," मी म्हटलं. "सोडवून देऊ का?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सरकला टाका. सरकते कधी."

मग मात्र मला राहवलं नाही. मी खाली बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी ओट्यावर साबण मी तसाच..."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "साबणाच्या पाण्यातच पडली ना मी. त्या दिवशीच दिसलं मले." आणि माझा हात ओढून अंगठा त्या भोकातून नीट बाहेर काढून दिला.

दुसरी बाही अजून सुयांवर आहे. त्यांचा वेग पाहता ती होईल तेव्हा आमच्याकडे कूलर सुरू झालेले असतील. पण उसवलेला पीळ मी त्यांना दुरुस्त करू देणार नाही, हे ठरलं आहे.

मैत्रिणींनो, तुम्ही विणायला घ्याल तेव्हा पहिली जोडी ज्यांना गरज आहे त्यांची विणा. पण यादीत एक जोडी स्वतःचीही लिहून ठेवा. आणि घरात कुणाचा हात आखडलेला असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याच्यापुढे एक लडी ठेवून बघा. गुंडा झाला नाही तरी चालेल.